प्रगतिपुस्तक कपाटातून काढा: ऑनलाइन तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

मोठेपणी लक्षात येणारा एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं जड जाणं) आणि ऑटिझम (इतरांशी वागण्या-बोलण्याची वेगळी घडण) यांवर मागच्या अंकात लेख छापल्यापासून पत्रं येताहेत. बहुतेकांची विचारणा एकच: गावात तज्ज्ञ नाही, व्हिडिओ कॉलवर तपासणी करून घेतली तर चालेल का? आणि जाहिरातीत ‘न्यूरोडायव्हर्सिटी-अफर्मिंग’ असं लिहिलेलं असतं, ते नेमकं काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माणसामाणसाच्या मेंदूची घडण वेगळी असते आणि तो वेगळेपणा पुसून माणसाला ‘नॉर्मल’ करणं हे उपचाराचं ध्येय नव्हे, अशी ही भूमिका. अडचण मात्र खरी मानायची. त्यातली किती माणसातून येते आणि किती भोवतालच्या शाळेतून, ऑफिसातून, घरातून येते, हे नीट शोधायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पत्रागणिक बदलतं, म्हणून पत्रंच घेऊ.

प्रश्न: वय ३४, पुणे, आयटीत नोकरी. बिलं भरायची राहतात, दूध उतू जातं, मीटिंगमध्ये पाचव्या मिनिटाला मन भलतीकडे जातं. नेटवरच्या सहा प्रश्नांच्या चाचणीत माझी पाच उत्तरं ‘एडीएचडी असू शकतो’ अशी आली. एक जण तासाभराच्या व्हिडिओ कॉलवर निदान करून त्याच दिवशी रिपोर्ट देतो म्हणतो. घेऊ का?

उत्तर: तो रिपोर्ट घेऊ नका. तपासणी मात्र जरूर करून घ्या.

तुम्ही सोडवलेली चाचणी बहुधा एएसआरएस असावी. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झाली. मूळ प्रश्न १८, त्यातले पहिले ६ चाळणीचे. सहापैकी चार किंवा जास्त उत्तरं ठरावीक रकान्यात पडली तर पुढे तपासा, एवढंच ती सांगते. थायरॉइड बिघडलेला, झोप अपुरी, बी-१२ किंवा लोह कमी, चिंता जुनी, घोरताना रात्री श्वास अडखळणारा, अशा कुणाचीही उत्तरं तशीच येऊ शकतात. म्हणून पहिल्या सेशनआधीच रक्ताच्या साध्या तपासण्या करून ठेवा आणि दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा. तज्ज्ञाने त्या मागितल्याच नाहीत, तर तो घाईत आहे असं समजा.

या सगळ्यांतून एडीएचडी वेगळा काढायचा तो बालपणावरून. डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार १७ वर्षं आणि त्यावरच्या व्यक्तीत एका गटातल्या (लक्ष न लागणं किंवा चंचलपणा) नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात (मुलांत सहा), त्यातली बरीचशी वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. बाराव्या वर्षाआधीचा पुरावा आणायचा कुठून? तिसरी-चौथीचं प्रगतिपुस्तक शोधा. गुणांच्या रकान्यापेक्षा खालचा शेरा महत्त्वाचा. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘वही अपूर्ण’, ‘वर्गात फार बोलते’, ‘अक्षर सुधारावे’. वर्षामागून वर्ष, वेगवेगळ्या बाईंच्या हातचा तोच शेरा असेल, तर तो कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा वजनदार पुरावा आहे. तो पानासकट फोटो काढून तज्ज्ञाला पाठवा.

दुसरा पुरावा आईच्या, मावशीच्या तोंडचा. ‘हिला लहानपणी एडीएचडी होता का’ असं विचारलंत तर उत्तर ‘छे, काहीतरीच’ असंच येणार. ‘लहानपणी मला काय म्हणायचात?’ असं विचारा. धांदरट, वेंधळी, विसराळू, तंद्रीत असते, हातात घेतलं ते पडलंच, एका जागी बूड टिकत नाही. घरोघरी हे शब्द टोमणे म्हणून वापरले गेले. तपासणीत ते निरीक्षण म्हणून मोलाचे असतात. प्रत्येक शब्दामागचा एखादा प्रसंग आणि तेव्हाचं वय लिहून घ्या.

आता क्रम. सुरुवातीला १५-२० मिनिटांचं ओळखीचं बोलणं: काय हवंय, तज्ज्ञाची पात्रता काय, फी किती, रिपोर्टमध्ये काय असेल. मग प्रश्नावल्या भरून पाठवायच्या. मग तास-दीड तासाचं पहिलं सेशन, त्यात आजवरचा इतिहास. त्यानंतर रचनाबद्ध मुलाखत. एडीएचडीसाठी बहुतेक ठिकाणी डीआयव्हीए-५ नावाची मुलाखत वापरतात. त्यात अठराही लक्षणं बालपणी कशी होती आणि आज कशी आहेत, हे उदाहरणांसकट विचारतात, आणि तिलाच तास ते दीड तास लागतो. एका तासात निदान का होत नाही, ते इथेच कळतं. पुढे घरच्या माणसाशी बोलणं, मनःस्थितीची आणि व्यसनांची चौकशी, आणि शेवटी निष्कर्ष समजावून सांगण्याचं सेशन. सगळं धरून साधारण चार ते सहा तास, दोन-तीन आठवड्यांत विभागलेले. हे सारं बोलण्याचं काम आहे, त्यामुळे व्हिडिओवर ते चांगलं होतं. तुम्ही तुमच्याच पसाऱ्यात बसलेल्या असता, हा तर फायदाच.

प्रश्न विचारण्याची पद्धतही पारखा. ‘तुम्हाला विसरायला होतं का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. अनुभवी माणूस विचारतो: विजेचं गेलं बिल कधी भरलं? मुदतीआधी की मीटर तोडायची नोटीस आल्यावर? पैसे खात्यात होते? मग हात कशाला अडला? या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात निदान असतं. पैसे नसल्याने राहिलेलं बिल वेगळं, भीतीने न उघडलेलं पाकीट वेगळं, आणि ॲप उघडून तिसऱ्याच गोष्टीत हरवणं वेगळं.

ऑटिझमचीही शंका असेल तर आधीच सांगा. २०१३ पर्यंत पुस्तिकेचे नियम दोन्ही निदानं एकत्र देऊ देत नसत. तो नियम गेला, पण एक सापडलं की दुसरं शोधायचं थांबवण्याची सवय पुष्कळांची गेलेली नाही. ऑटिझमच्या ८० प्रश्नांच्या आरएएडीएस-आर चाचणीत ६५ गुणांची रेषा आहे. ती ओलांडणाऱ्यांत नुसती चिंता किंवा नैराश्य असलेले लोकही बरेच असतात. काही इंग्रजी प्रश्नावल्या पार्टीपेक्षा ग्रंथालय बरं वाटतं का असं विचारतात. जिच्या लहानपणी पार्टी हा प्रकारच नव्हता, तिने हळदीकुंकू किंवा लग्नघर डोळ्यांसमोर आणून उत्तर द्यावं, आणि तसं दिलंय हे तज्ज्ञाला सांगावं. प्रत्यक्ष समोर बसवून करायची एडीओएस-२ ही निरीक्षण-चाचणी पडद्यावर प्रमाणित पद्धतीने करता येत नाही. ऑनलाइन रिपोर्टमध्ये ती केल्याचं लिहिलं असेल, तर कशी केली ते विचारा. निष्कर्ष कशाच्या आधारावर काढला आणि काय करता आलं नाही, हे प्रामाणिक रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं.

पात्रता तपासायला दोन मिनिटं लागतात. मनोविकारतज्ज्ञ असेल तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, सीआरआर (नोंदणी) क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर नाव जुळवून पाहा. ‘कोच’ किंवा ‘काउन्सेलर’ चांगली मदत करू शकतो, पण निदानाच्या कागदावर त्याची सही चालत नाही.

प्रश्न: सांगली. मुलगा १५ वर्षं ४ महिन्यांचा, नववीत आहे. तोंडी सगळं येतं, पेपर मात्र अर्धा कोरा. ऑनलाइन रिपोर्टमध्ये एडीएचडी आणि लेखनाची अडचण असं आलं आहे. त्यावर दहावीला जादा वेळ मिळेल ना?

उत्तर: त्या रिपोर्टवर नाही मिळणार. पण तो वाया गेलेला नाही. परीक्षा मंडळाला रिपोर्ट लागत नाही, सक्षम सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मुलाला प्रत्यक्ष न्यावंच लागतं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) त्यात आहेत. एडीएचडी नाही. म्हणून नुसत्या एडीएचडीच्या कागदावर आईवडील हेलपाटे घालत राहतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत भर लेखनाच्या अडचणीवर द्यायला हवा, कारण तो दरवाजा उघडा आहे.

ही तपासणी ऑनलाइन का होत नाही, ते त्याचा हात पाहिल्यावर कळतं. डिस्ग्राफिया, म्हणजे लेखनाची अडचण, असलेला मुलगा लिहिताना पेन कसा धरतो, कागदावर किती दाब देतो, शब्द अर्धवट सोडून पुन्हा कुठून सुरू करतो, वेलांट्या आणि जोडाक्षरं कुठे गळतात, किती ओळींनंतर मनगट झटकतो, हे शेजारी बसून बघायचं असतं. व्हिडिओत दिसतो चेहरा. शिवाय बुद्धिमत्ता चाचणी लागते, आणि त्यात ठोकळे जुळवणं, चिन्हं भराभर उतरवणं असे भाग असतात. आपल्याकडे मॅलिनची एमआयएसआयसी ही चाचणी बरीच वापरतात. ती १५ वर्षं ११ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमच्या हातात सात महिने आहेत. दुसरी बिने-कामत. डॉ. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या माध्यमातच घ्यायला सांगा. मराठी माध्यमाच्या मुलाचं इंग्रजी वाचन तपासून ‘वाचनात अक्षम’ असा निष्कर्ष काढणं हे चुकीचं निदान आहे, आणि तसं होतं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, ते कागद रुग्णालय मागतंच. मग शाळेचं पत्र, गेल्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि दोन-तीन खऱ्या उत्तरपत्रिका किंवा वह्या सोबत ठेवा. स्वच्छ लिहिलेली वही नेऊ नका, घाईत लिहिलेली न्या. सांगली कोल्हापूर विभागीय मंडळात येते. कोणत्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र ग्राह्य आहे आणि अर्जाची मुदत काय, हे मुख्याध्यापकांकडून आत्ताच लेखी घ्या, कारण अर्ज शाळेमार्फतच जातो. (मुंबईच्या वाचकांसाठी: शीव, केईएम आणि नायर या पालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची क्लिनिक आहेत.) दहावीच्या दिवाळीनंतर धावाधाव करणाऱ्यांना तारखा मिळत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा देण्याचं तत्त्व आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

आणखी एक. लेखनिक मिळाला तरी सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. मनात उत्तर जुळवायचं, स्पष्ट बोलायचं, समोरच्याचा हात थांबेपर्यंत कळ काढायची. एडीएचडी असलेल्या मुलाला हे विशेष जड जातं. नववीच्या सहामाहीपासून आठवड्याला एक उत्तर तरी असं सांगून लिहून घ्यायचा सराव ठेवा.

प्रश्न: ऑनलाइन डॉक्टरांनी एडीएचडीचं निदान केलं, पण मिथाइलफेनिडेट हे त्यावरचं औषध लिहून दिलं नाही. टाळाटाळ आहे का?

उत्तर: नाही, त्यांनी नियम पाळला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अमली आणि मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं दूरसल्ल्यावर लिहिता येत नाहीत, आणि मिथाइलफेनिडेट त्यात येतं. प्रत्यक्ष भेटा. तिथे वजन, नाडी आणि रक्तदाब पाहतील, घरात कमी वयात हृदयविकाराने कुणी गेलं का ते विचारतील. ॲटोमॉक्सेटीन हे एडीएचडीचं दुसरं औषध त्या कायद्यात नाही, पण त्याचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत ते सोडू नका.

प्रश्न: वय १९, नागपूर. ऑटिझमचं निदान आहे. थेरपिस्ट दर आठवड्याला कॅमेऱ्याकडे बघून बोलण्याचा सराव घेतात. सेशन संपल्यावर मी दोन दिवस कुणाशी बोलू शकत नाही. त्या स्वतःला अफर्मिंग म्हणवतात. मी आळशी आहे का?

उत्तर: नाही. दोन दिवस बोलता न येणं ही त्या सरावाची किंमत आहे, आणि ती तुम्ही मोजता आहात.

आपल्या भाषेत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रुळलेला आहे, पण दिशाभूल करणारा. ऑटिस्टिक माणूस स्वतःत मग्न असतो आणि त्याला दुसऱ्याचं काही नसतं, असा अर्थ त्यातून निघतो. ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन, स्वतः ऑटिस्टिक, यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तितकंच इतरांना त्याचं. मग सराव एकट्या तुम्हीच का करायचा?

पुढच्या सेशनला हे विचारा: नजर मिळवण्याचं ध्येय कुणी ठरवलं? त्याने माझं काय सोपं होईल? मी ते बंद केलं तर आपण कशावर काम करू? मुलाखतीपुरता एखादा उपाय तुम्हालाच हवा असेल, समोरच्याच्या भुवयांकडे बघणं किंवा ‘मी ऐकताना खाली बघतो’ असं आधीच सांगून टाकणं, तर तो शिकण्यात गैर काही नाही. हवं-नको तुमचं असलं पाहिजे.

अफर्मिंग म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हे. कामात तो बदल दिसतो. सेशनमध्ये काय बोलायचं ते आदल्या दिवशी दोन ओळींत लिहून येतं. कॅमेरा बंद चालतो, बोलणं सुचेना तेव्हा टाइप करून चालतं, हातात काही फिरवत बसलं तरी चालतं, २०-२५ मिनिटांनी विश्रांती असते. ‘आत्ता काय वाटतंय?’ या प्रश्नाला पुष्कळ ऑटिस्टिक लोकांकडे शब्द नसतो. तिथे न अडता विचारतात: पोटात काय होतंय, जबडा घट्ट आहे का, हात गार पडलेत का? त्या खुणांची तुमची स्वतःची यादी हळूहळू तयार होते. विचारांची नोंदवही घरी भरून आणायला सांगितली आणि ती चारदा कोरी आली, तर जाणता थेरपिस्ट तुम्हाला दोष न देता वही बदलतो: दिवसाला एक व्हॉइस नोट, तीही वीस सेकंदांची. कुकरच्या शिट्टीने, मिक्सरने, गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरने अंगाचा भडका उडत असेल, तर ‘सवय करा’ न म्हणता कानात घालायचे बोळे, मिरवणुकीच्या दिवसांचं आधी ठरवलेलं वेळापत्रक आणि नंतरचा मोकळा दिवस यांची आखणी करतो.

पण एका बाबतीत आम्ही ठाम आहोत. स्वतःला इजा करणं, जेवण सोडणं, महिनोन्महिने घराबाहेर न पडणं, हे ‘माझं असंच आहे’ म्हणून स्वीकारणारा थेरपिस्ट तुमची बाजू घेत नाही, तुम्हाला एकटं सोडतो. ऑनलाइन थेरपीत तर पहिल्याच दिवशी तुमचा पत्ता, जवळच्या एका माणसाचा नंबर आणि जवळचं रुग्णालय लिहून घ्यायला हवं, आणि प्रत्येक सेशनला आज कुठून बोलताय ते विचारायला हवं. मध्यरात्री कुणी हाताशी नसेल तेव्हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: वय १७, कोल्हापूर. दोन खोल्यांत सहा माणसं. थेरपी घ्यायची आहे, पण बोलू कुठे? आणि आईबाबांना सगळं कळेल का?

उत्तर: १८ पूर्ण होईपर्यंत उपचाराला पालकांची संमती लागते. पण संमती म्हणजे प्रत्येक शब्द ऐकण्याचा परवाना नाही. पहिल्या सेशनमध्ये तिघांसमोर ठरवून घे की आईबाबांना उपस्थिती आणि ढोबळ प्रगती कळेल, बाकी तुझं तुझ्यापाशी. याला अपवाद दोन: जिवाला धोका, आणि लैंगिक अत्याचार. १८ खालच्या मुलाबाबत अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने थेरपिस्टला तो कळवावाच लागतो. हे त्याने तुला आधीच सांगायला हवं, म्हणजे काय कधी बोलायचं ते तू ठरवू शकशील.

जागेसाठी: गच्ची, उभी केलेली गाडी, अभ्यासिकेचा जिना, क्लास सुटल्यावरची रिकामी खोली. दोन्ही कानांत इअरफोन घातलेस तर थेरपिस्टचं बोलणं बाहेर जात नाही, प्रश्न तुझ्या बोलण्याचा उरतो. तिथे टाइप करून उत्तर दे. ‘आत्ता कुणी आलं’ यासाठी एक साधा शब्द ठरवून ठेव, उदाहरणार्थ ‘गणिताचं नंतर बघू’. तो आला की समोरचा माणूस लगेच विषय बदलेल. नेट तुटलं तर पुन्हा कोण कुणाला फोन करणार, हेही ठरलेलं असू दे.

प्रश्न: सातारा. मुलगी इंग्लंडमध्ये आहे, वय २९. तिथे तिची ऑटिझमची तपासणी चालू आहे. बालपणाविषयी माझी व्हिडिओवर मुलाखत घेणार आहेत. मला इंग्रजी जमत नाही. मुलगीच भाषांतर करीन म्हणते.

उत्तर: तिला करू देऊ नका. जिची तपासणी, तिनेच तुमची उत्तरं इंग्रजीत सांगितली तर तुम्हीही मोकळेपणाने बोलणार नाही आणि तीही काही गाळेल. तपासणी एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, हिच्यामार्फत असेल तर मराठी दुभाषा मोफत मागता येतो. खाजगी असेल तर विचारायला सांगा. मुलाखत दीड-दोन तासांची असू शकते, दोन भागांत घ्या म्हणावं. उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच, तेव्हा त्यांची दुपार ठरवण्याआधी हिशेब करा.

तयारी म्हणून एका कागदावर वयानुसार लिहा: पहिला शब्द, चालणं, अंगणवाडीचे पहिले दिवस, कपड्यांची-जेवणाची कटकट, एकाच विषयाचा नाद, रडं कशाने यायचं आणि कशाने थांबायचं.

दोन गोष्टी तिकडच्या तज्ज्ञाला आपणहून सांगा, त्याला त्या सुचणार नाहीत. घर भरलेलं असेल, जावेची मुलं, चुलत भावंडं सतत असतील, तर ‘मैत्रिणी होत्या का’ याचं उत्तर तुम्ही हो म्हणून द्याल. पण ती त्यांच्यात खेळायची, की शेजारी बसून आपलंच काहीतरी मांडत राहायची? खेळ तिच्या नियमाने चालला नाही तर उठून जायची का? दुसरं नजरेचं. मोठ्यांसमोर मुलीने नजर खाली ठेवावी असं तुमच्या घरी शिकवलं असेल, तर ते सांगा, आणि मग हेही सांगा की भावंडांशी, मांजराशी, आरशात स्वतःशी बोलताना ती कुठे बघायची.